कुरिंजीचे फूल आणि तमिळ तिणै-संकल्पना : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

2018 च्या पावसाळ्यात केरळातील मुन्नारच्या डोंगरांवर निळी कुरिंजी फुलली. त्याआधी ती 2006 मध्ये आणि त्याही आधी 1994 मध्ये फुलली होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, घाटरस्ते खचले आणि अपेक्षेइतके प्रवासी डोंगरावर पोहोचू शकले नाहीत. वृत्तपत्रांतून आणि पर्यटनविषयक लेखनातून मात्र कुरिंजीची जी ओळख करून देण्यात आली, ती सर्वत्र एकसारखी होती. कुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते, म्हणून ती दुर्मिळ. ती निळी आहे, म्हणून निलगिरीला ते नाव पडले. आणि प्राचीन तमिळ संघम साहित्यात ती प्रेमाचे प्रतीक आहे. यांपैकी पहिले विधान वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरे आहे. दुसरे लोकव्युत्पत्तीच्या सदरात मोडते, कारण निलगिरीच्या नावाचा संबंध त्या डोंगरांवरील निळसर धुक्याशीही जोडला जातो. तिसरे विधान साहित्यविचाराच्या क्षेत्रातील आहे आणि तेच येथे तपासावयाचे आहे. कुरिंजीला ‘प्रेमाचे प्रतीक’ म्हणणे हा निव्वळ ढोबळपणा नव्हे. त्यामुळे तमिळ काव्यशास्त्राची एक मूलभूत संकल्पना हातातून निसटते, आणि पुढे पाहता येईल त्याप्रमाणे त्या झुडुपाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

प्रथम या वनस्पतीविषयी थोडे. निळी कुरिंजी म्हणजे स्ट्रॉबिलँथस कुंथियाना. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, निलगिरी, पळनी आणि अनैमलै या डोंगरांच्या उंच गवताळ उतारांवर, साधारणतः 1300 ते 2400 मीटर उंचीच्या पट्ट्यात ती आढळते. एरवी ती गुडघाभर किंवा कमरेइतक्या उंचीची असते. अनुकूल जागी ती पुरुषभर वाढते. बारा वर्षे ती केवळ पाने आणि काड्या घेऊन उभी असते. बाराव्या वर्षी एका प्रदेशातील बहुतेक सर्व झुडुपे एकाच वेळी फुलतात, बी धरतात आणि मरून जातात. पुढची पिढी त्या बियांतून उगवते. सर्व डोंगरांवर हे वर्ष एकच असते असे नाही. आणि याच प्रजातीतील इतर जाती निरनिराळ्या चक्रांनी फुलतात. सह्याद्रीतील कारवी ही याच प्रजातीतील, म्हणजे कुरिंजीची सख्खी बहीण. तिचे चक्र आपल्याकडे सात वर्षांचे सांगितले जाते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती 2008 मध्ये व त्यानंतर 2016 मध्ये फुलली, तेव्हा सात की आठ हा वाद मोजण्याच्या रीतीचा आहे. मधली वर्षे मोजली तर सात, फुलण्यापासून फुलण्यापर्यंत मोजले तर आठ.

तिणै : प्रतीक नव्हे, प्रदेश

संघम कविता दोन वर्गांत विभागली जाते. अकम् म्हणजे आतले, प्रेमजीवनाचे काव्य. पुरम् म्हणजे बाहेरचे, युद्ध, दान आणि कीर्ती यांचे काव्य. अकम् कवितेची मांडणी ‘तोल्काप्पियम्’ या व्याकरण व काव्यशास्त्रविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात केलेली आहे. तेथे भूमीचे प्रकार सांगितले आहेत: डोंगर, अरण्य, शेतजमीन आणि समुद्रकिनारा. या प्रत्येकाला तेथील वनस्पतीचे नाव आहे: कुरिंजी, मुल्लै, मरुदम्, नेय्दल. पाचवी पालै ही स्वतंत्र भूमी नाही. उन्हाळ्याने करपलेला डोंगर किंवा अरण्य म्हणजे पालै. या पाच तिणैंना प्रेमाच्या पाच अवस्था जोडलेल्या आहेत. डोंगराला मीलन, अरण्याला धीराने वाट पाहणे, शेतीच्या प्रदेशाला नायकाच्या परस्त्रीगमनामुळे होणारा रुसवा, किनाऱ्याला व्याकूळ प्रतीक्षा आणि करपलेल्या वाटेला विरह.

येथे थांबले तर कुरिंजी बरोबर मीलन, म्हणजे प्रतीकच, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु तोल्काप्पियम् तेथे थांबत नाही. प्रत्येक तिणैचे तीन घटक त्याने मानले आहेत. ‘मुदल’ म्हणजे मूळ: स्थळ आणि काळ. ‘करु’ म्हणजे त्या स्थळकाळात जन्मणारे सर्व: देव, माणसे, पशुपक्षी, झाडे, अन्न, व्यवसाय, वाद्य. ‘उरि’ म्हणजे त्याला उचित असा मनोभाव. कुरिंजी तिणैमध्ये स्थळ डोंगर, वेळ मध्यरात्र, ऋतू थंडीचा. देव मुरुगन. माणसे कुरवर, म्हणजे डोंगरात राहणारे शिकारी आणि राळ्यासारख्या धान्याची शेती करणारे लोक. अन्न तृणधान्य आणि मध, प्राणी हत्ती, वाघ, माकड, पाणी धबधब्याचे. फूल हे या यादीतील एक नाव आहे. ते सर्व समुच्चयाला मिळाले आहे, जसे एखाद्या गावाला तेथील वडाचे नाव मिळावे. वडगाव म्हटल्यावर कोणी वडाचा ‘अर्थ’ विचारीत नाही.

प्रतीक ही कल्पना एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू ठेवते. तिणै तसे करीत नाही. तेथे डोंगर हा डोंगरच राहतो. तेथील वाट अवघड असते, रात्री हत्तीचे भय असते, राळ्याच्या शेतात पाखरे राखण्यासाठी मुली दिवसभर एकट्या असतात आणि म्हणून तेथे चोरून भेटणे शक्य होते. मीलन हा डोंगराचा ‘अर्थ’ नसून डोंगरातील जगण्याची एक शक्यता आहे. कापणी झाली की राखण संपते, मुलगी घरात अडकते आणि भेटी बंद पडतात. शेतीचे वेळापत्रक आणि प्रेमाचे वेळापत्रक अशा प्रकारे एकमेकांत अडकलेले आहे.

मराठी वाचकाला याची तुलना संस्कृत रसविचाराशी करण्याचा मोह होतो. त्या विचारात चंद्र, उद्यान, वसंत इत्यादी गोष्टी उद्दीपन विभावात जातात. त्या भाव चेतवतात. भाव त्यांच्याशिवायही असतो. तिणैविचारात ‘मुदल’ हा शब्दच ‘प्रथम’ या अर्थाचा आहे. स्थळकाळ आधी, मनोभाव नंतर. कवितेतील गुणक्रमात उरि श्रेष्ठ मानली गेली हे खरे. तथापि तिच्या पायाशी भूमी आहे. मराठी समीक्षेत ‘निसर्गवर्णन’ हे सदर वेगळे काढून कवीच्या गुणविशेषांच्या शेवटी ठेवण्याची जी सवय लागलेली आहे, तिला या मांडणीत जागाच नाही. बालकवींची फुलराणी ही मानवी भाव दिलेली कळी आहे, आणि दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (1956) निसर्गाला चैत्रापासून महिन्यांच्या क्रमाने बांधते. एकात फूल माणूस होते. दुसऱ्यात निसर्गाचा कणा काळ आहे. या दोन्ही रीती आपापल्या जागी समर्थ आहेत. निसर्गाचा कणा स्थळ आहे असे मानणारी काव्यव्यवस्था मात्र मराठीच्या परिचयाची नाही, हे लक्षात घेऊनच कुरिंजीकडे वळले पाहिजे.

एका छोट्या कवितेची रचना

‘कुरुंदोगै’ या सुमारे चारशे लघुकवितांच्या संग्रहातील तिसरी कविता देवकुलत्तार या कवीच्या नावावर आहे. कुरिंजीचा विषय निघाला की तिचाच दाखला दिला जातो. चार ओळींची ही कविता नायिकेच्या तोंडी आहे. पहिल्या भागात ती आपल्या स्नेहाला जमीन, आकाश आणि पाणी यांची मापे लावून पाहते आणि तिन्ही अपुरी ठरविते. नंतर डोंगरउतार येतो, त्यावरील कुरिंजी येते, त्या फुलांपासून होणारा मध येतो, ज्याच्या मुलखात हे घडते तो पुरुष येतो, आणि अगदी शेवटी, कवितेचा शेवटचा शब्द म्हणून, ‘स्नेह’ या अर्थाचा ‘नट्पु’ हा शब्द येतो.

या कवितेसोबत परंपरेने आलेली प्रसंगसूचना महत्त्वाची आहे. नायक आडोशाला उभा आहे. सखीने त्याच्या वागण्याला नावे ठेवली आहेत, हेतू हा की त्याने ऐकावे आणि लग्नाचे मनावर घ्यावे. त्यावर नायिका त्याची बाजू घेऊन बोलते. म्हणजे ही प्रेमाची मोकळी उद्घोषणा नाही. हे भांडणातील उत्तर आहे, आणि ज्याच्याविषयी ते आहे तो ते चोरून ऐकतो आहे. लग्न ठरलेले नाही. पृथ्वी-आकाशाच्या मापांमागे ही अनिश्चितता उभी आहे, आणि ती वगळून केलेले कवितेचे वाचन गोड असले तरी अर्धवट ठरते.

या कवितेत कुरिंजीला कोणते विशेषण दिले आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ते निळी नाही. ते बारा वर्षांनी फुलणारी असेही नाही. विशेषण आहे ‘करुंगोल’, म्हणजे काळ्या काठीची. कवीने फुलाचा रंग सांगितलेला नाही, झुडुपाचे खोड सांगितले आहे. जे बारा वर्षे दिसते ते सांगितले आहे, जे एका वर्षी दिसते ते नव्हे. दुसरा तपशील मधाचा. फुलांतून मधमाश्या पुष्कळ मध करतात, एवढेच येथे सांगितले आहे. तोल्काप्पियम् ज्याला ‘उळ्ळुरै’, म्हणजे आत दडलेली उपमा म्हणते, ती करु-घटकांपैकी देव वगळून इतरांच्या आधाराने रचावी असा नियम आहे. त्या दृष्टीने मधाचा विचार करता येतो. पहिल्या भागातील तिन्ही मापे एकदम डोळ्यांत मावणाऱ्या विस्ताराची आहेत. मध मात्र थेंबाथेंबाने साठतो. स्नेह किती मोठा आहे याला एक उत्तर विस्ताराचे आहे आणि दुसरे साठवणीचे. साठवण करणारी माशी रोज येते-जाते. आडोशाला उभा असलेला पुरुषही रोज येतो-जातो. सखीचा आक्षेप नेमका त्याच येण्याजाण्याला असावा. हे वाचन टीकाकारांनी बंधनकारक केलेले नाही. पण कवितेतील वस्तू त्याला आधार देतात, आणि दुर्मिळतेच्या वाचनाला त्या देत नाहीत.

या कवितेचा इंग्रजी अनुवाद ए. के. रामानुजन यांनी ‘द इंटीरियर लँडस्केप’ (1967) या ग्रंथात केला, आणि तमिळ न जाणणाऱ्या जगाला कुरिंजी बहुतांशी त्यातूनच कळली. रामानुजनांचे ऋण फार मोठे आहे. तरी येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. इंग्रजीच्या वाक्यरचनेत नामाची विशेषणवाक्ये नामानंतर येतात. त्यामुळे अनुवादात प्रेम मध्येच उच्चारले जाते, मग माणूस, मग डोंगर, मग मध, मग फूल, आणि कविता कुरिंजीच्या काळ्या देठांवर संपते. मूळ कविता डोंगराकडून माणसाकडे आणि माणसाकडून स्नेहाकडे येते. अनुवाद स्नेहाकडून डोंगराकडे जातो. अनुवादाचा शेवट विलक्षण दृश्यात्मक आहे यात शंका नाही. पण कॅमेरा जसा एका देठावर स्थिरावावा तसे फूल त्यात एकटे पडते. मुळात ते एकटे नाही. ते वाटेवरचे आहे.

फूल एकटे नाही, याचा याहून ठळक पुरावा ‘पत्तुप्पाट्टु’ या दहा दीर्घकाव्यांच्या संग्रहातील ‘कुरिंजिप्पाट्टु’मध्ये मिळतो. कपिलराचे हे 261 ओळींचे काव्य. कपिलर हा डोंगरी तिणैचा कवी म्हणूनच ओळखला जातो. ‘ऐंकुरुनूरु’ या संग्रहातील कुरिंजीच्या शंभर कविताही त्याच्याच आहेत. ‘कुरिंजिप्पाट्टु’त सखी नायिकेच्या पालक मातेला घडलेली हकीकत सांगते: शेताची राखण, धबधब्यातील स्नान, नंतर मुलींनी फुले वेचून खडकावर पसरणे, शिकाऱ्याचे येणे, हत्तीचा प्रसंग. वेचलेल्या फुलांची जी नामावळी तेथे येते तिच्यात 99 नावे आहेत. ज्या काव्याचे नावच कुरिंजी, त्यात कुरिंजीच्या वाट्याला नव्व्याण्णवांतील एक जागा आली आहे. तिच्यासाठी ना वेगळी ओळ, ना वेगळे विशेषण. दुर्मिळतेचा गौरव करावयाचा असता तर कपिलराला याहून चांगली संधी मिळाली नसती.

सातवाहनकालीन महाराष्ट्राशी येथे एक खरा दुवा जुळतो. हालाच्या ‘गाथासप्तशती’तील महाराष्ट्री प्राकृत गाथा आणि संघम अकम् कविता यांतील साम्य जॉर्ज हार्ट यांनी ‘द पोएम्स ऑफ एन्शंट तमिळ’ (1975) या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. दोन्हींकडे छोटी कविता, बोलणारी व्यक्ती बहुधा स्त्री, ऐकणारे कोणी तरी आडोशाला, आणि न बोललेले बरेच काही. गाथांमध्येही भूमी आहे: गोदावरी आहे, विंध्य आहे, रेवा आहे. भाताची शेते कापणीला आली, आता भेटायचे कोठे, या चिंतेने खिन्न झालेली नायिका तेथे आहे, आणि ती राळ्याची राखण संपलेल्या कुरवर मुलीची मैत्रीण शोभावी अशीच आहे. असे असूनही गाथांचे संकलन भूमीनुसार झाले नाही. तमिळ संकलकांनी ‘ऐंकुरुनूरु’ पाच भूमींमध्ये वाटून दिले. यातून एका परंपरेला दुसरीपेक्षा निसर्गाचे भान अधिक होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. फरक भानाचा नाही, वाचनाच्या व्यवस्थेचा आहे. महाराष्ट्रातील गाथेला तिचा डोंगर दाखविणारा शास्त्रकार मिळाला नाही.

आधुनिक कादंबरीतील दोन वाटा

विसाव्या शतकात कुरिंजी तमिळ कादंबरीत आली ती दोन अगदी भिन्न रीतींनी. ना. पार्थसारथी यांच्या ‘कुरिंजि मलर’ या लोकप्रिय कादंबरीत नाव फुलाचे आहे आणि ते नायिका पूरणीच्या व्यक्तित्वाला शोभावे म्हणून दिलेले आहे: क्वचित उमलणारे, उंचावर असणारे, सहज हाती न येणारे. हे उघडउघड रूपक आहे. त्याला डोंगराची फारशी गरज नाही.

राजम कृष्णन यांची ‘कुरिंजित् तेन’, म्हणजे कुरिंजीचा मध, ही 1960 च्या दशकातील कादंबरी याच्या उलट जाते. निलगिरीतील बडगा समाजाचे जीवन हा तिचा विषय. लेखिकेने त्या लोकांमध्ये राहून, माहिती घेऊन ती लिहिली. तृणधान्याची शेती आणि म्हशी यांवर चालणारे एक गाव चहा, पैसा, शाळा आणि सरकारी प्रकल्प यांच्या कक्षेत येताना पिढ्यांमध्ये कशी फूट पडते, हे तिच्यात आले आहे. येथे कुरिंजी कोणाचेही रूपक नाही. ती दिनदर्शिका आहे. फुलण्याच्या दोन वर्षांमधील काळ हे मोजमाप. माणसाचे वय, कुटुंबातील घटना त्यावर टांगलेल्या. मुन्नारकडील मुथुवान लोकही कुरिंजीच्या बहरांवरून वय मोजीत असे सांगितले जाते. बारा वर्षांचे चक्र साहित्यात खऱ्या अर्थाने कामाला आलेले असे हे उदाहरण आहे, आणि ते दुर्मिळतेमुळे आलेले नाही. मोजमाप उपयोगी पडते ते नियमितपणामुळे. समाजदर्शनाच्या भाराने या कादंबरीचा काही भाग जड झाला आहे, अशी तक्रार करता येईल. तिणैची रचना मात्र आधुनिक गद्यात तिच्याइतकी क्वचितच उतरली असेल. मुदल, करु, उरि हे तिन्ही घटक तेथे आहेत. फरक इतकाच की तेथे मुदल, म्हणजे भूमीच, बदलू लागली आहे. उतारावर चहा आला की करु बदलते; मग उरि तीच कशी राहील?

झुडूप आणि त्याचे न फुललेले वर्ष

हा प्रश्न कादंबरीपुरता नाही. निलगिरी आणि पळनीच्या उंच गवताळ पठारांकडे इंग्रजी अमदानीत ‘पडीक’ म्हणून पाहिले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे निलगिरी म्हणजे युकॅलिप्टस, वॉटल आणि पुढे चहाचे मळे वाढत गेले. स्वातंत्र्यानंतरही ते थांबले नाही. कुरिंजी जंगलात वाढत नाही. तिला उघडा गवताळ उतार लागतो. म्हणजे तेथे झाडे लावणे हेच तिच्या नाशाचे कारण. 2006 च्या बहराच्या वर्षी केरळ शासनाने इडुक्की जिल्ह्यातील कोट्टकंबूर व वट्टवडा या भागांत सुमारे 3200 हेक्टरचे कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत 2024 मध्ये निळ्या कुरिंजीची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात झाली.

अभयारण्य बहराच्या वर्षी जाहीर व्हावे यात आश्चर्य नाही. कुरिंजी ज्या वर्षी निळी असते त्या वर्षी ती सर्वांना दिसते. परंतु उतार जातो तो मधल्या अकरा वर्षांत, जेव्हा तेथे ‘काही नसते’. प्रतीक म्हणून वाचलेल्या फुलाला ही अकरा वर्षे नसतातच. तिणै म्हणून वाचलेल्या कुरिंजीला ती असतात, कारण तिणैमध्ये धान्य, मध, हत्ती, धबधबा, रखवाली करणारी मुलगी ही सर्व कुरिंजीच आहेत. काव्यशास्त्रातील एका संकल्पनेच्या चुकीच्या वाचनामुळे डोंगर बोडके झाले असे कोणी म्हणणार नाही. तरी एकाच सवयीची ही दोन रूपे आहेत: फूल उचलायचे आणि जमीन सोडून द्यायची. पुढील मोठा बहर 2030 मध्ये अपेक्षित आहे आणि त्या वेळी तमिळ प्रेमकवितेचे दाखले पुन्हा दिले जातील, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची आवश्यकता नाही.

मराठीपुरता विचार करता एक भाषिक प्रश्न उरतो. देवकुलत्ताराची ती कविता मराठीत आणावयाची झाल्यास मराठीची वाक्यरचना तिला इंग्रजीपेक्षा अधिक जवळची आहे. डोंगर, काळी खोडे, मध, मुलूख, माणूस आणि शेवटी स्नेह, हा क्रम मराठीत मोडतोड न करता ठेवता येतो. अडचण ‘कोल’ या शब्दाची आहे. ‘देठ’ म्हटले तर फूल हातात घेतल्यासारखे होते. ‘खोड’ वृक्षाचे. ‘दांडा’ रुक्ष. परंतु सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर याच प्रजातीच्या झुडुपाच्या काड्यांनी कूड विणून, शेणामातीने लिंपून भिंती उभ्या केल्या जातात. वारली चित्रे ज्या भिंतींवर निघाली त्यांतील कित्येकांच्या आत कारवी आहे. महाबळेश्वरकडे कारवीचा मधही प्रसिद्ध आहे. तेथील माणूस कारवीला फुलावरून ओळखत नाही. तो म्हणतो ‘कारवीची काठी’. तमिळ कवीने वापरलेल्या शब्दाचा मूळ अर्थही काठी असाच आहे.